खोल गळ, वरवरच्या समजुती

नांदेड जिल्ह्यातल्या आपल्या नायगावपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. आपल्या शिवारातलं पाणी तर त्याला पाठ करून गोदावरीतून बंगालच्या उपसागराकडे जातं. तरीही चहाच्या टपरीवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्या पोरांना ट्यूना कसा धरतात ते विचारा, चौघं चार तऱ्हेने सांगतील. अंदमान नाहीतर मालदीवचा व्हिडिओ त्यांनी कालच पाहिलेला असतो: पांढरी बोट, मागे वाकलेल्या काठ्या, शेवटी माणसाच्या कमरेएवढा मासा. त्या अर्ध्या मिनिटात बोट दिवसभर नुसतीच फिरल्याचं दिसत नाही. पाण्याखाली काय चाललंय, ते तर मुळीच नाही. मग जे दिसत नाही तिथे ज्याची त्याची कल्पना बसते.

प्रकार तसा साधा आहे. बोट चालती ठेवायची, मागे चार-सहा दोऱ्या सोडायच्या, प्रत्येकीच्या टोकाला आमिष, बहुतेक वेळा नकली. याला ट्रोलिंग म्हणतात. बातम्यांत येणाऱ्या ट्रॉलरशी याचा संबंध नाही. तो तळावरून जाळं ओढत नेतो आणि सापडेल ते गोळा करतो. इथे एका गळाला एकच मासा, तोही लागला तर. बहुतेक दोऱ्या पाण्याच्या पृष्ठभागालगत चालतात, एखाद-दुसरी मुद्दाम खाली सोडतात. सगळ्यात जास्त थापा या खोल दोरीबद्दल ऐकायला मिळतात.

पहिली थाप खोलीचीच. ट्यूना खोल समुद्रातला मासा, तेव्हा गळ दोन-चारशे मीटर खाली सोडत असणार, असं धरून चालतात. बोटीखाली समुद्र हजार मीटर असेल, पण गळ तितका खाली जात नाही आणि जायची गरजही नसते. पुढे ओठासारखी पट्टी असलेली नकली मासोळी ५ ते १० मीटर खाली चालते. जड गोळ्याच्या मदतीने सोडलेली दोरी साधारण १५ ते ३० मीटर. म्हणजे आपल्याकडची साठ फुटी विहीर डोळ्यापुढे आणा; या खेळातले बरेचसे ‘खोल’ गळ तिच्या तळाच्या वरच फिरत असतात. बोअरचं तर नावच काढू नका.

एवढी खोली पुरते याला कारण आहे. समुद्राच्या वरच्या थरात वाऱ्यालाटांनी पाणी घुसळलेलं, म्हणून जवळपास एकसारखं उबदार असतं. त्याखाली थोड्याच मीटरांत तापमान झपाट्याने उतरतं. अरबी समुद्रात याला आणखी एक जोड आहे. इथे साधारण १०० ते १५० मीटरच्या खाली प्राणवायूच इतका कमी होतो की जगातल्या मोठ्या प्राणवायू-दुष्काळी पट्ट्यांत या समुद्राची गणना होते. ट्यूनाला तर प्राणवायू भरपूर लागतो. तो तोंड उघडं ठेवून पोहतो, पाणी कल्ल्यांवरून वाहतं आणि त्यावर त्याचा श्वास चालतो. थांबला की गुदमरला. असा मासा खालच्या कोंदट पाण्यात फार वेळ काढणार नाही. हिंदी महासागरात टॅग लावलेला एक पिवळ्या पंखाचा ट्यूना, म्हणजे यलोफिन, ११६० मीटरपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि ती वाचून लोक हुरळतात. पण ती बुडी होती, मुक्काम नव्हे. दिवसा तीन-चारशे मीटरवर रमणारा ट्यूना वेगळा, मोठ्या डोळ्यांचा बिगआय. त्याच्यासाठी व्यावसायिक बोटी मैलोन्‌मैल लांब दोरीला हजारो गळ लावून सोडतात. हौशी माणसाच्या काठीचं ते काम नव्हे.

मग खोल दोरी सोडायचीच कशाला? कारण दुपारी ऊन डोक्यावर आलं की वर उड्या मारणारे मासे दिसेनासे होतात आणि दोन थरांच्या सीमेकडे सरकतात. तिथे बारीक मासोळीही गोळा झालेली असते. वरच्या चार दोऱ्या मोकळ्या फिरत असताना अशा वेळी खालची एखादी वाजते.

दुसरी समजूत आपल्या नदीवरच्या अनुभवातून आलेली आहे, म्हणून ती सहज पटते. विष्णुपुरीच्या साठ्यात किंवा गोदावरीच्या डोहात दोरीला शिसं बांधलं की गळ सरळ तळाला जातो, आणखी जड बांधलं की आणखी लवकर. पण तिथे पाणी थांबलेलं आणि माणूसही थांबलेला. बोट सहा-सात नॉटने, म्हणजे ताशी ११ ते १३ किलोमीटरने चालायला लागली की हिशोब बदलतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. हा रेटा शिशाला जितका लागतो त्याहून कितीतरी जास्त दोरीच्या संपूर्ण लांबीला लागतो. पाव किलोचं शिसं त्या वेगात मागे ओढलं जातं आणि बरंचसं वर येतं.

याचाच जुळा भाऊ म्हणजे ‘जास्त दोरी सोडली की जास्त खोल’ हा समज. काही अंतरापर्यंत हे खरंही असतं. पुढे मात्र सोडलेली प्रत्येक मीटर दोरी स्वतःचा रेटा घेऊन येते आणि मासोळीला वर खेचायला लागते. एका टप्प्यानंतर दोन्ही जोर बरोबरीला येतात आणि खोली वाढायची थांबते. म्हणून जाणकार लांबीपेक्षा जाडीकडे पाहतात. तितक्याच ताकदीची, पण बारीक विणीची दोरी पाणी कापत जाते आणि तीच मासोळी तिच्यावर कितीतरी खाली उतरते. मासोळीच्या ओठाचा कोन आणि आकारही बघावा लागतो: ओठ लांब आणि पुढे झुकलेला असेल तर ती खोल बुडते, आखूड आणि उभा असेल तर वरच वळवळते. वेग हद्दीबाहेर नेला तर मात्र तीच मासोळी कलते, गिरकी घेते आणि पाण्यावर लोळायला लागते.

यापेक्षा खाली जायचं तर डाउनरिगर लागतो. बोटीच्या काठाला बसवलेली एक चरखी, तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा. गळाची दोरी त्या गोळ्याजवळ चिमट्याने अडकवलेली असते, म्हणजे वजन तारेवर राहतं आणि मासा खेळताना काठीवर फक्त मासा असतो. वरची काठी आधीच ताणून वाकवून ठेवतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वाकलेली काठी एकदम ताठ उभी राहते. नवखा इथेच ‘गेला!’ म्हणून हळहळतो. जाणता माणूस तोवर रील फिरवून ढील गोळा करत असतो, कारण पुढच्या क्षणी काठी पुन्हा खाली जाणार असते, या खेपेला माशाच्या ओढीने. त्याच वेळी दुसऱ्याने धावत जाऊन गोळा वर घ्यायचा, नाहीतर मासा तारेला दोरीचा वेढा घालून मोकळा होतो. व्हिडिओत हा दुसरा माणूस कधीच दिसत नाही, आणि माझ्या मते निम्मं श्रेय त्याचं असतं.

बोटीच्या इंजिनाचा आवाज माशाला पळवतो, असं तळ्याकाठी बसणाऱ्याला वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे गळ टाकून बसलेल्याच्या शेजारी कोणी जोरात बोललं तरी शिव्या खातो. ट्यूनाच्या बाबतीत मात्र पंख्याने उसळलेला पांढरा फेस पुष्कळदा बोलावणंच ठरतो, आणि अनेक आमिषं मुद्दाम त्या फेसाच्या काठाने, बोटीपासून थोड्याच अंतरावर चालवतात. खोल दोरीही बहुतेकदा त्या फेसाखालीच आखूड ठेवलेली असते. बोट वळली की गंमत होते. आतल्या बाजूच्या दोऱ्यांचा वेग कमी होतो, वजनाची आमिषं खाली बुडतात, बाहेरच्या बाजूची मात्र वेग घेतात. पुष्कळ मासे नेमके वळणावरच लागतात. म्हणून मुरलेला तांडेल बोट नाकासमोर न नेता नागमोडी नेतो.

आमिषाबद्दलही तसंच. रोहू-मृगळासाठी पिठाचा गोळा किंवा गांडूळ लावणाऱ्याला वास महत्त्वाचा वाटतो. ट्यूना इथे डोळ्यांनी शिकार करतो. धावती, चमकती, पळ काढणारी वस्तू त्याला हवी असते. पिसं, रबराची झालर, चकाकता धातूचा तुकडा यांवर तो तुटून पडतो. रंगाच्या बाबतीत दुकानदार गिऱ्हाईकाला गंडवतात ते इथे. पाण्यात सगळ्यात आधी लाल रंग नाहीसा होतो. पंधरा-वीस मीटरवर लालभडक मासोळी काळपटच दिसते. खाली रंगापेक्षा वरच्या उजेडावर उमटणारी गडद आकृती जास्त कामाची.

सगळं नशिबावर असतं, समुद्र अथांग, मासा कुठे सापडणार, हा सूर मात्र आपल्या भागातल्या माणसाने तरी लावू नये. ट्यूना कुठे मिळण्याची शक्यता आहे हे सांगणारी संस्था नायगावला कोणत्याही बंदरापेक्षा जवळ आहे. दवाखान्याला आणि लग्नाच्या बस्त्याला आपण ज्या हैदराबादला जातो, तिथेच १९९९ मध्ये स्थापन झालेलं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, आहे. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य मोजलं जातं. गार आणि उबदार पाणी जिथे भिडतं, हिरवटपणा जिथे अचानक बदलतो, त्या रेषांवर बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे लहान मासे आणि त्यांच्यामागे मोठे. या रेषा नकाशावर काढून मच्छीमारांना संभाव्य क्षेत्र, दिशा आणि अंतर कळवलं जातं. ट्यूनासाठी वेगळा सल्लाही ही संस्था देते आणि त्यासाठी यलोफिनला उपग्रहाशी जोडलेले टॅग लावून त्यांच्या बुड्यांचा अभ्यासही झाला आहे. ढग दाटले की उपग्रहाला खालचं पाणी नीट दिसत नाही, एवढी मर्यादा आहेच. पण दख्खनच्या पठारावर बसून समुद्रातल्या माशाचा पत्ता काढला जातो, हे त्या तीस सेकंदांच्या व्हिडिओपेक्षा मला जास्त थरारक वाटतं.

मुंबईहून बोट सुटली की तासाभरात ट्यूना, हेही खरं नाही. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे; किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ आणि उथळ. मोठा यलोफिन निळ्या, खोल पाण्याचा. दक्षिणेकडे ही जमीन अरुंद होत जाते. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रतळातून वर आलेलं आंग्रिया बँक हे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेल्या त्या पठाराचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि कडा खोल उतरलेल्या. कोकणात कुपा किंवा गेदर म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा किनाऱ्याजवळ फिरणारा लहान ट्यूना, आणि तो जास्त करून जाळ्यात सापडतो. मालवणात गरवायला जाणाऱ्याच्या गरीला लागलाच, तर दोन-चार किलोचा. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे श्रावणाआधीची सहल आखणाऱ्यांनी पैसे आगाऊ भरू नयेत.

वेगाचे आकडे तर कुणीही काहीही फेकतं. ताशी ७० किलोमीटरच्या वरचा आकडा १९६४ च्या एका मोजणीतला आहे. गळाला लागलेल्या माशाने काही सेकंद दोरी किती वेगाने ओढली, त्यावरून तो काढला होता. पुढच्या अभ्यासकांनी शरीराच्या आणि पाण्याच्या मर्यादा मांडून त्यावर शंका घेतली. ट्यूनाची रोजची चाल ताशी काही किलोमीटरच असते. तरीही बोटीला गाठायला त्याला धाप लागत नाही, एवढं पुरे.

किमतीचं एका वाक्यात संपवतो. जानेवारी २०१९ मध्ये टोकियोत २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला तो ब्लूफिन होता, नववर्षाच्या पहिल्या लिलावातला मानाचा मासा होता, आणि ब्लूफिन अरबी समुद्रात नसतो.

शेवटचा समज ताटातला आहे आणि समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनाच त्याचा धोका जास्त. मासे थंड रक्ताचे, असं शाळेत शिकलेलो असतो. ट्यूनाच्या पोहण्याच्या स्नायूंजवळ रक्तवाहिन्यांची अशी जाळी असते की परतणाऱ्या रक्तातली ऊब आत जाणारं रक्त शोषून घेतं, आणि ते स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा काही अंश गरम राहतात. दोरीवर बराच वेळ झुंजलेला मासा आणखी तापतो. मांस फिकट आणि भुसभुशीत होतं. म्हणून बोटीवर आल्याबरोबर त्याचं रक्त काढून त्याला बर्फ आणि पाण्याच्या गाऱ्यात बुडवतात, नुसता बर्फावर ठेवत नाहीत. हे चुकलं आणि मासा तासन्‌तास उन्हात राहिला की जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. वास फारसा येत नाही. आणि ‘चांगला उकळला की काही होत नाही’ हे इथे चालत नाही, कारण हिस्टामिन शिजवून जात नाही, तळूनही नाही, पुन्हा गोठवूनही नाही. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं. पहिली खूण तोंडातच मिळते: जीभ मिरी लागल्यासारखी चुरचुरते. आपल्याकडच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात ती चुरचुर कुणाला कळायची नाही. तेव्हा दूरवरून आलेला कुपा घ्यायचा असेल तर बर्फ वितळलेल्या पेटीतला घेऊ नये, आणि पहिला तुकडा मसाल्याविना, नुसत्या मिठात शिजवून चाखावा.