शून्य लिहिणारी माणसं

वनमजूर मामा पाऊलवाटेवर ओणवे झाले आणि रांगत पुढे सरकू लागले. तळवे लाल मातीत, मान खाली, चाल सावकाश. अंजनीच्या खोडाला बांधलेल्या पेटीत बारीकसा लाल दिवा लुकलुकला. “डावा लागला,” वनरक्षक म्हणाला. समोरच्या पेटीतला दिवा मात्र लागला नाही. मामा उठले, खोड आणि पेटीच्या फटीत वाळक्या काटकीची पाचर सारली, पेटी बोटभर खाली झुकवली आणि पुन्हा ओणवे झाले. तिसऱ्या खेपेला दोन्ही दिवे लागले. मग वनरक्षकाने पाटीवर जागेचा क्रमांक आणि तारीख लिहून ती दोन्ही कॅमेऱ्यांसमोर धरली. इथल्या प्रत्येक मेमरी कार्डावरचा पहिला वाघ हा असा साठीला टेकलेला माणूस असतो.

संपादकांनी ‘वाघ मोजणाऱ्या माणसांवर’ लिहायला सांगितलं, तेव्हा अपेक्षा ताडोब्याची होती. मी चांदोलीला गेलो. ताडोब्यात वाघ रस्त्यावर येऊन बसतो, त्याला मोजणाऱ्याची मेहनत आपल्याला निदान कल्पनेने कळते. सह्याद्रीत वर्षानुवर्षं वाघ दिसत नाही. तरीही तिथली माणसं रोज पहाटे उठून त्याची नोंद करायला निघतात. त्यांना नेमकं काय सापडतं, हे मला पाहायचं होतं.

कागदोपत्री इतिहास थोडक्यात असा. कोयना आणि चांदोली ही दोन्ही अभयारण्यं १९८५ ची. चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० च्या जानेवारीत दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत कोयना आणि चांदोलीची नावं आली. उठून गेलेल्या गावांच्या शेतांवर आता गवत आहे. जुन्या जोत्यांवर गवे उभे राहतात.

या मुलखात ‘वाघ’ हा शब्दच फसवा आहे. वाड्यावस्त्यांवर कुणी “काल वाघ बघितला” म्हणालं, तर तो बहुधा बिबट्या असतो. पट्ट्यांच्या वाघाला ‘ढाण्या’ असा वेगळा शब्द लावतात. शपथेवर सांगितलेली बातमीही म्हणून कच्चीच धरावी लागते, आणि तिची शहानिशा करायला झाडाला बांधलेल्या त्या दोन पेट्या लागतात.

त्या दोनच का, हे मी विचारलं. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकाच बाजूचा फोटो मिळाला, तर उद्या दुसऱ्या बाजूचा फोटो देणारा वाघ तोच की निराळा, हे सांगता येत नाही. म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, कॅमेरे समोरासमोर बसवतात. मात्र एकाचा झोत दुसऱ्याच्या भिंगावर पडू नये, म्हणून ते थोडे आगेमागे ठेवतात. कुठलंही आमिष ठेवत नाहीत. अंगाची ऊब आणि हालचाल ओळखून कॅमेरा आपोआप चालतो. साऱ्या जंगलावर दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन आखलेले असतात. चौकोनातली जागा नकाशा सुचवतो, पण झाड मामा निवडतात. जनावर कुठल्या वळणावर वाट सोडतं, कुठे चढाला दमून रेंगाळतं, हे त्यांना उपग्रहाच्या चित्राशिवाय कळतं.

पुढचं काम देहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचं. तिथली संगणक प्रणाली फोटोतली वळलेली, दुमडलेली कातडी वाघाच्या त्रिमितीय आकृतीवर ताणून बसवते आणि पट्ट्यांना पट्टे जुळवते. त्यामागचं गणित जत्रेच्या उदाहरणाने समजतं. पहिल्या दिवशी देवळाच्या दारात उभं राहून शंभर चेहरे ध्यानात ठेवले आणि दुसऱ्या दिवशीच्या शंभरांत पन्नास तेच निघाले, तर जत्रा सुमारे दोनशे माणसांची आहे. वाघांसाठी ही पद्धत वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात नागरहोळेत रुजवली. त्याआधी आपल्याकडे ठसे मोजत. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा आणि अनुभवी नजरेने हा वाघ कोणता ते ठरवायचं. त्या नजरेला मी कमी लेखत नाही. पण ती तपासून पाहायची सोय नव्हती, आणि ‘यंदा एकही नाही’ असं वरिष्ठांना कळवायला जे बळ लागतं तेही दुर्मीळ होतं. २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्काने त्याची किंमत दाखवून दिली. कागदावर तिथे वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता. त्यानंतर सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमलं गेलं, कायदा बदलून राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आलं आणि दर चार वर्षांनी होणारी देशव्यापी गणना नव्या पद्धतीने सुरू झाली.

त्या गणनेचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो. देशात २००६ मध्ये १४११ वाघ, २०२२ मध्ये ३६८२. महाराष्ट्रात १०३ होते, ते ४४४ झाले. २०१८ च्या फेरीत २६,८३८ जागी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. त्यांत वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे साडेचारशे फोटोंमागे एक. उरलेल्यांत बिबट्या, सांबर, भेकर, गुरं, माणसं, आणि वाऱ्याने हललेलं गवत.

सह्याद्रीत हे प्रमाण याहून कितीतरी विरळ. प्रकल्प झाल्यावर आठ वर्षं ठसे आणि विष्ठा यांवरच भिस्त होती. २०१८ च्या मे महिन्यात चांदोलीत वाघाचा फोटो मिळाला. पट्टे जुळवताना कळलं, की तोच नर २०२० मध्ये कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पात, सुमारे २१५ किलोमीटरवर पोचला होता. मग २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक नर कॅमेऱ्यात आला. त्याचे पट्टे २०२२ मध्ये राधानगरीत टिपलेल्या वाघाशी जुळले. सह्याद्रीची दक्षिणेकडची वाट अजून जिवंत आहे, ही केवढी मोठी बातमी! ती ज्या पुराव्यावर उभी आहे, तो गोळा करणाऱ्या माणसांची बातमी मात्र झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ‘लाइन’ चाललो. दोन किलोमीटरची आखलेली सरळ रेघ, सूर्य वर येण्याआधी, बोलायचं नाही. पुढे मामा, मागे वनरक्षक. त्याच्या एका हातात होकायंत्र, गळ्यात अंतर मोजायचं यंत्र, खिशात ‘एम-स्ट्राइप्स’चं ॲप असलेला फोन. खूरवाली जनावरं दिसली की किती, किती अंतरावर, कुठल्या अंशात, हे सगळं नोंदवायचं. वाघ किती जगतील हे सांबर आणि भेकर किती आहेत यावर ठरतं, म्हणून मोजणीत त्यांचा मान वाघाइतकाच. कारवीतून वाट काढताना पायाखाली काटकी मोडली, तरी मामा मागे वळून बघत. दीड तासात आम्हाला झाडावर एक शेकरू दिसलं आणि गव्याचं ताजं शेण. रेघेच्या टोकाशी वनरक्षकाने फोन काढला. सांबर, शून्य. भेकर, शून्य. गवा, शून्य. शेणाची नोंद निराळ्या रकान्यात.

मला हळहळ वाटली. त्याला नाही. “चाललो तेवढं तर जमा झालं ना सर,” तो म्हणाला.

त्या वाक्यात या शास्त्राचं मर्म आहे. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक आहे, आणि तो फरक मोजायचा तर किती चाललो, कॅमेरा किती रात्री जागा होता, याचा चोख हिशेब लागतो. दोनशे किलोमीटर चालून मिळालेलं शून्य ही माहिती असते. घरी बसून लिहिलेलं शून्य हे खोटं असतं, आणि घरी बसून लिहिलेला एक सांबर त्याहून घातक. जे दिसलं नाही ते न लिहिण्याची शिस्त या मुलाने, तिशीही न ओलांडलेल्या, अंगी बाणवली आहे. अहवालातल्या प्रत्येक आलेखाखाली ही शिस्त उभी असते.

ती टिकणं मात्र अवघड होत चाललं आहे. पावसाळ्यात हा मुलूख धुक्यात बुडतो. कोयनेच्या खोऱ्यात एका हंगामात पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, मग कॅमेऱ्यांच्या भिंगावर आतून वाफ धरते, पेट्यांत मुंग्या घर करतात, वाटांवर जळवा उभ्या राहतात. तरी गस्त थांबत नाही, कारण शिकारी पाऊस बघून थांबत नाही. गवा पेटीला अंग घासतो आणि कॅमेरा आभाळाकडे बघत राहतो. हे सगळं सोसता येतं. सोसवत नाही ती अनिश्चितता. मामांसारखे कितीतरी वनमजूर रोजंदारीवर आहेत. ते जातील तेव्हा कुठल्या वळणावर जनावर वाट सोडतं हे ज्ञानही जाईल, आणि ते ॲपमध्ये भरायला रकाना नाही.

शिवाय जिवाची जोखीम. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याच्या कोळारा भागात एक महिला वनरक्षक तीन मजुरांसह याच गणनेसाठी चालत होती. वाटेवर वाघीण बसलेली दिसली. त्या थांबल्या, मग झाडीतून वळसा घेऊन पुढे निघाल्या. वाघिणीने मागून झडप घातली. २०२२ च्या ३६८२ या आकड्यात त्या सकाळची चालही मिसळलेली आहे. तो आकडा जाहीर झाला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. त्या बाईंची आठवण किती जणांना झाली?

सह्याद्रीचं काम आता वाढणार आहे. ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ इथे आणायला केंद्राची परवानगी मिळाली आहे आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोब्याची पहिली वाघीण चांदोलीत पोचली. त्यांना भक्ष्य पुरावं म्हणून सागरेश्वरहून चितळ आणले गेले. हे वाघ प्रकल्पाच्या हद्दीत थांबतीलच असं नाही. दक्षिणेची वाट गोव्याच्या म्हादईकडे जाते, जिथे २०२० च्या जानेवारीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले गेले. म्हादई व्याघ्र प्रकल्प जाहीर करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ च्या जुलैत दिला होता. वाघ आणण्यासाठी पैसा उभा राहतो, त्याचं मला कौतुकच आहे. तेवढ्याच तातडीने रेघ चालणाऱ्या माणसांना कायम नोकरी, विमा आणि पावसात टिकणारे बूट मिळाले पाहिजेत. आणलेली वाघीण जगली की नाही, हे शेवटी त्यांच्याच नोंदीवरून कळणार आहे.

निघताना वनरक्षकाने मला एका कार्डावरचे फोटो दाखवले. मामा रांगताना. मग कोरं गवत, गवत, भेकर, गवत, बिबट्याची शेपटी, गवत. आणि मध्येच चार तरुण, पाठीला पिशव्या, कॅमेऱ्यासमोर वाकून हसणारे. त्यानंतरचा एकही फोटो नव्हता. कुणीतरी पेटी फिरवून खोडाकडे तोंड करून ठेवली होती. तेवीस रात्री त्या चौकोनातून काय गेलं, हे कुणालाच कधी कळणार नाही.

वासोट्याला, प्रचितगडाला किंवा कुठल्याही रानात गेलात आणि गुडघाभर उंचीवर झाडाला बांधलेली हिरवट पेटी दिसली, तर कृपा करून हात लावू नका. थांबूही नका, पुढे चला. ती लावायला मामा तीनदा रांगलेले असतात.