कल्याणचा धर्माध्यक्ष

महाराष्ट्रातील ख्रिस्ती विचाराचा इतिहास लिहावयास बसणारे बहुतेक लेखक वसईच्या १५३४ सालच्या तहापासून, किंवा मुंबईस १८१३ साली उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून आरंभ करतात. आणि त्यामुळे सहाव्या शतकात, जेव्हा रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात ख्रिस्ताच्या स्वरूपावरून पंडितांचे रण माजले होते, तेव्हा आपल्या कल्याण बंदरात एक ख्रिस्ती धर्माध्यक्ष नांदत होता, ही गोष्ट वाचकांच्या दृष्टीआड राहते.

साक्ष आहे ती अलेक्झांड्रियाच्या कॉस्मास नावाच्या व्यापाऱ्याची. ५५० च्या सुमारास रचलेल्या आपल्या भूवर्णनात त्याने सिंधूपासून मलबारपर्यंतच्या पेठा सांगितल्या, कल्याणच्या मालात तांबे, इमारती लाकूड आणि कापड नोंदविले, आणि तेथील धर्माध्यक्षाची नेमणूक इराणातून होते असे लिहून ठेवले.

या नेमणुकीत तत्त्वज्ञानाचा एक मोठा प्रवाह दडलेला आहे. इराणी धर्मपीठाचा परमगुरू म्हणजे ४२८ साली निवर्तलेला मोप्सुएस्तियाचा थिओडोर. ख्रिस्ताच्या ठायी ईश्वरी आणि मानवी या दोन प्रकृती एकत्र असूनही एकमेकींत विरून जात नाहीत, आणि मानवजातीलाही एक मर्त्य, चंचल तर दुसरी अमर्त्य, अविकारी अशा दोन अवस्था नेमलेल्या आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. ४३१ च्या एफिससच्या धर्मसभेत याच विचाराचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस पदच्युत झाला, ४८९ मध्ये सम्राट झेनोच्या हुकुमाने हीच शिकवण देणारी एडेसाची पाठशाळा बंद पडली, आणि तिची परंपरा सरहद्दीपलीकडे, इराणी अंमलातील निसिबिस येथे बहरली. पुढे ५५३ साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सभेने खुद्द थिओडोरलाच दोषी ठरविले. म्हणजे राजधानीत निषिद्ध ठरलेली शिकवण इराणी पीठाच्या छायेत कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेली असावी, असे अनुमान करण्यास पुरेसा आधार आहे.

कॉस्मास स्वतः याच परंपरेतील मार आबाचा शिष्य होता, आणि गुरूचे दोन अवस्थांचे तत्त्व त्याने थेट विश्वाच्या बांधणीत उतरविले. त्याचे जग म्हणजे बायबलातील मोशेच्या पवित्र मंडपासारखी एक लांबट पेटी: तळाशी सपाट पृथ्वी, वर कमानदार झाकण, आणि मध्ये पडद्यासारखे आकाश, पडद्याखाली आजची मर्त्य अवस्था, पडद्यावर उद्याची अमर्त्य. भूगोल म्हणून हे चूक खरेच. परंतु मोक्षविचाराचा नकाशा म्हणून ते मोठे सुसंगत आहे, आणि त्याची थट्टा करणाऱ्यांनी ही बाजू ध्यानात घेतलेली नाही.

कॉस्मासच्याच काळी, त्याच अलेक्झांड्रिया शहरात योहान फिलोपोनस नावाचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलवर भाष्ये लिहीत होता. पृथ्वी गोल आहे असे मानणाऱ्या या पंडिताने सृष्टीविषयीच्या आपल्या ग्रंथात थिओडोरपंथीयांचा समाचार घेतला. पण जग अनादी आहे या ग्रीक तत्त्वज्ञ प्रोक्लसच्या मताचेही त्याने ५२९ मध्ये सविस्तर खंडन केले. फेकलेल्या दगडाला हवा पुढे ढकलीत नाही, फेकणाऱ्याने दिलेली प्रेरक शक्तीच त्यात वसते, हा त्याचा सिद्धान्त यथावकाश युरोपीय पदार्थविज्ञानाच्या उपयोगी पडला. श्रद्धेचा मनुष्य तर्कास भितो, हा समज या एका नावापुढे टिकत नाही.

कल्याण कोकणात आहे. आमच्या करडीसारख्या वैनगंगेच्या खोऱ्यातील गावाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्यासाठी आणखी साडेतीन शतके मागे जावे लागते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती पंडिताने बुद्धाचे नाव घेतले, आणि ज्याच्याखाली देवाच्या अस्थी आहेत अशा एका मनोऱ्याची पूजा करणारे भारतीय साधू वर्णिले. तो मनोरा म्हणजे स्तूपच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. असे स्तूप आमच्याच भंडारा जिल्ह्यात पवनीस १९६९-७० च्या उत्खननात उघडे पडले. क्लेमेंटने पवनी ऐकली होती असे मी म्हणत नाही. मात्र ज्या श्रद्धेचे वर्णन त्याने केले, तिचे अवशेष येथे पायाखाली आहेत, आणि ग्रीक तत्त्वज्ञानाला ख्रिस्ताकडे नेणारी पूर्वतयारी मानणाऱ्या या विचारवंताने भारतीय ज्ञानी पुरुषांनाही तत्त्वचिंतकांच्या मालिकेत स्थान दिले.

या ग्रंथांचे मूळ ग्रीक भाषेत आहे, आणि इराणी पीठाची परंपरा सुरियानी भाषेत. आमच्या विद्यापीठांनी पाली-अर्धमागधीप्रमाणे या दोन भाषांच्या अध्ययनाचीही सोय करावी, आणि कल्याणच्या त्या धर्माध्यक्षाचा शोध मराठी अभ्यासकानेच हाती घ्यावा.