लग्न आणि ऑपरेशन यांच्यामधली वर्षे

गर्भपात म्हटला की मंडळीतील अनेकांच्या डोळ्यांपुढे अविवाहित तरुणी उभी राहते. आपल्या देशातले वास्तव वेगळे आहे. येथे गर्भपात करून घेणाऱ्या बहुतेक स्त्रिया विवाहित, विशी-तिशीतल्या आणि लेकुरवाळ्या असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जवळजवळ निम्म्या गर्भपातांचे कारण 'नको असताना दिवस राहिले' एवढेच होते.

याच पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे ४९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी, तरी तिचे प्रमाण अर्धा टक्काही नाही! थोडक्यात, कुटुंबनियोजन म्हणजे मुले झाल्यावर बाईचे ऑपरेशन, अशी आपली रीत पडली. पण लग्न आणि ऑपरेशन यांच्यामध्ये जी पाच-सात वर्षे जातात, त्यांत पाळणा लांबवायचा कसा? तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. मात्र पावसाळ्यात ओढा भरला की पाड्यावरच्या बाईचे इंजेक्शन चुकते, आणि दिवस राहतात ते अशाच वेळी.

मग कोणीतरी दुकानातून गोळ्या आणून देते. देशात चारांतला एक गर्भपात स्त्री घरीच, स्वतः करते. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला अतिरक्तस्राव झाला तर जिवावर बेतते, आणि आदिवासी भागात रक्तक्षय तर घरोघरी आहे. वास्तविक १९७१ च्या कायद्याने दवाखान्यात, डॉक्टरांकडून सुरक्षित गर्भपाताची सोय आहे. २०२१ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलींसारख्या काही जणींसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली.

सर्वांत अडचणीत असते ती अठराच्या आतली विवाहित मुलगी. राज्यात वीस ते चोवीस वयोगटातील पाचांपैकी एकीचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. अशी मुलगी गरोदर आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. नवऱ्याला धरून नेतील या भीतीने घरचे तिला दवाखान्यात नेतच नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की गर्भपातासाठी आलेल्या मुलीने व पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी कळवताना तिचे नाव देण्याची गरज नाही. ही गोष्ट पाड्यांवर अजून फारशी कोणाला ठाऊक नाही.