बीटल्सचं कपाटबंद गाणं

काल एका ग्रुपवर फॉरवर्ड आला: बीटल्सचं ‘कार्निव्हल ऑफ लाइट’ अखेर सापडलं! लगेच ऐकलं. बनावट. नेटवर या नावानं फिरणाऱ्या क्लिपांवर विश्वास ठेवू नका, मूळ रेकॉर्डिंग अजून बाहेर आलेलंच नाही.

पण ते आहे, हे नक्की. ५ जानेवारी १९६७, लंडनचा ॲबी रोड स्टुडिओ. ‘पेनी लेन’चं त्या दिवसाचं काम उरकल्यावर पॉल मॅकार्टनीनं बाकी तिघांना सांगितलं, हाताला येईल ते वाजवा, ओरडा, अर्थबिर्थ लागायला नको.

झालं! जवळपास १४ मिनिटांचा गोंधळ टेपवर उतरला. विकृत केलेले ड्रम्स आणि ऑर्गन, गिटार, जॉन-पॉलच्या आरोळ्या, चक्क पाण्याच्या गुळण्यासुद्धा. चाल नाही, ताल नाही.

हे केलं होतं लंडनच्या राउंडहाउसमधल्या प्रकाश-ध्वनीच्या कार्यक्रमासाठी. तिथे वाजलं आणि थेट कपाटात गेलं.

१९९६च्या ‘अँथॉलॉजी २’ या अल्बममध्ये पॉलला ते घ्यायचं होतं. बाकीच्यांनी नकार दिला. जॉर्ज हॅरिसनला असले प्रयोग आवडायचेच नाहीत. २००८मध्ये पॉलनं टेप असल्याचं पुन्हा सांगितलं. आता प्रकाशनाला पॉल, रिंगो आणि जॉन-जॉर्जच्या वारसांची संमती लागेल.

माझं मत? ऐकायला बहुधा कंटाळवाणं असेल. तरी आलं, तर पहिल्याच दिवशी घेईन.

एखादी क्लिप खरी की खोटी, शंका असेल तर कमेंटमध्ये टाका.