पिशवी काढण्याआधी एवढे वाचा

या पानावर मी एरवी तुरीवरच्या अळीबद्दल लिहिते. आजचा विषय माझ्या खात्याचा नाही, पण तो मला बांधावरच भेटला. गेल्या हंगामात शेतीशाळा संपल्यावर एक ३४ वर्षांची बाई मागे थांबली. म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणतात पिशवीचं तोंड खराब झालंय. आत्ताच काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. गाय विकायचं चाललंय आमचं." चिठ्ठीवर तपासणीचा रिपोर्ट असा काहीच नव्हता. नुसते डोळ्याने बघून सांगितले होते.

या भीतीची किंमत आपल्या भागाने आधीच मोजली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची २०१९ मध्ये शासनाच्या समितीने पाहणी केली. सुमारे ८२ हजार महिलांमध्ये १३ हजारांवर बायांची गर्भाशये काढलेली आढळली. कारणे अनेक होती, पण "कॅन्सर होईल" ही धास्ती त्यातलीच एक.

आता मूळ गोष्ट समजून घ्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक बायकांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. बाईच्या चारित्र्याशी त्याचा काही संबंध जोडू नका, लग्न झालेल्या कुणालाही तो होऊ शकतो. काहींच्या अंगात मात्र तो ठाण मांडतो. मग तोंडावरच्या पेशी बदलू लागतात. या बदलांपासून खरा कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे हाताशी वेळ असतो. घाईने निर्णय घ्यायचे कारण नाही, तसे वर्षानुवर्षे अंगावर काढायचेही नाही.

आपण कीड दिसली की लगेच फवारतो का? आधी नुकसानीची पातळी बघतो. इथेही तसेच आहे. बदल सौम्य असेल तर पुष्कळदा डॉक्टर काहीच करत नाहीत, फक्त ठराविक मुदतीने पुन्हा तपासतात. असे बदल बहुतेक वेळा आपणहून बरे होतात. "काहीच औषध दिलं नाही" म्हणून रागावू नका. लक्ष ठेवणे हाही उपचारच आहे.

बदल पुढचा असेल तरी पिशवी काढण्याआधी दोन सोपे उपाय आहेत. एक थंडीचा, एक उष्णतेचा. थंडीच्या उपायात, म्हणजे क्रायोथेरपीत, गॅसच्या सिलिंडरला जोडलेले धातूचे टोक तोंडावरच्या खराब भागाला टेकवतात. तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे सोडायचे, पुन्हा तीन मिनिटे गोठवायचे. खराब पेशी मरून गळून जातात, खालून चांगल्या येतात. अडचण एकच, सिलिंडर जड आणि गॅस वेळेवर मिळेलच असे नाही. आपल्याकडे खताच्या गाडीचे होते तसेच! म्हणून आता उष्णतेचे छोटे यंत्र आले आहे. हातात मावते, काही बॅटरीवर चालतात. साधारण शंभर अंशांचे टोक एकेका वेळी वीस-तीस सेकंद टेकवतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही हा उपाय मान्य केला आहे. दोन्हीत सहसा भूल नाही, टाके नाहीत, पोटात पाळीसारखी कळ येते आणि बाई त्याच दिवशी चालत घरी जाते. शंभरातल्या पंच्याऐंशी-नव्वद जणींना एकदाच पुरते. मूल होण्याची आशाही राहते.

नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, घाबरू नका. महिनाभर संबंध टाळायचे, हे नवऱ्यालाही समजावून सांगा. ताप आला, घाण वास आला किंवा रक्त जास्त गेले तर लगेच दवाखाना गाठा.

हे सगळ्यांना चालत नाही, तेही सांगते. डाग तोंडाच्या आत नळीत शिरला असेल, फार मोठा असेल किंवा कॅन्सरचीच शंका असेल तर आधी तुकडा काढून तपासावा लागतो. कधी तारेच्या कडीने तेवढाच भाग काढतात. त्यातही पिशवी शाबूत राहते. बाई गरोदर असेल तर हे उपचार बाळंतपणानंतर. आणि पोटात घ्यायच्या कुठल्याही गोळीने, काढ्याने हे बदल जातात असे सिद्ध झालेले नाही.

तपासणी कशी करतात? पाच टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे सौम्य शिरका, तोंडाला लावून मिनिटभर थांबतात. बदललेला भाग पांढरा दिसतो. (घरचा शिरका स्वतः लावू नका, ही तपासणी आहे, औषध नव्हे.) मुंबईत टाटा मेमोरियलने झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांत १९९८ पासून हा प्रयोग केला. आरोग्यसेविकांनीच तपासले आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या धाराशिवचे, तेव्हाच्या उस्मानाबादचे, नाव तर जगभर गेले. तिथल्या गावांतल्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने झाला. २००९ मध्ये निकाल आला, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. खेड्यातल्या बायका तपासणीला येत नाहीत म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

तिशीनंतर, काही त्रास नसला तरी, एकदा सरकारी दवाखान्यात विचारा. आशाताईला विचारले तरी चालेल. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे कॅन्सर नव्हे, पण संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त, पाळी बंद झाल्यावर रक्त, यात थांबू नका. आणि कोणी पिशवी काढायला सांगितली तर विचारा: तपासणीचा कागद कुठे आहे? थंडीचा किंवा उष्णतेचा उपाय का चालणार नाही? दुसऱ्या डॉक्टरला दाखवले तर चालेल ना?

त्या बाईला आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तपासणीत डाग निघाला, पण लहान आणि पूर्ण दिसणारा. उष्णतेचा उपचार झाला, दुपारच्या एसटीने ती परत आली. गाय गोठ्यातच आहे. वर्षाने पुन्हा तपासायचे आहे आणि ती तारीख नेमकी तूर काढणीत येते, म्हणून मी तिच्या कार्डावर आधीच लाल पेनाने लिहून ठेवली आहे.