पात्याची जाडी

घोड्यावरून वार करायचा तर पल्ला लांब हवा. रोमन पायदळाची ग्लॅडियस आखूड असे. घोडेस्वार मात्र स्पाथा बाळगत. सरळ, दुधारी, साठ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याची. दख्खनच्या घोडदळाची तीच गरज फिरंगीने भागवली. पातं युरोपातून आलेलं, मूठ इथल्या कारागिराने चढवलेली. 2025 साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून मिळवलेली नागपूरकर मराठा सरदार रघूजी भोसल्यांची तलवार याच जातीची. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचं नाव आहे.

अशा तलवारीचं संगणकावर त्रिमितीय प्रारूप करायला चहूबाजूंनी फोटो घेतात. पोलाद चकाकतं, कोन बदलला की चकाकी सरकते, आणि संगणक तिलाच खूण धरून बसतो. म्हणून दिव्यावर आणि लेन्सवर चकाकी अडवणारा पोलरायझर लावावा लागतो. उत्खननातल्या स्पाथेची अडचण उलटी. गंजाने फुगलेल्या लोखंडात मूळ धातू कुठवर उरलाय, ते क्ष-किरणांशिवाय कळत नाही, आणि मुठीचं लाकूड बहुधा कुजून गेलेलं असतं. 2023 मध्ये इस्रायलमध्ये एन गेदीजवळच्या कोरड्या गुहेत तीन स्पाथा लाकूड-चामड्यासकट सापडल्या, ते म्हणूनच मोलाचं.

पण माझ्या मते प्रारूपाची खरी परीक्षा जाडीची. पातं मुठीशी जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. मधली पन्हळ ताकद फारशी न घटवता वजन उतरवते. ऐंशी सेंटिमीटर लांब, चार सेंटिमीटर रुंद पात्याची जाडी सरसकट अर्धा मिलिमीटर चुकली, तर वजनात सव्वाशे ग्रॅमचा फरक पडतो. पडद्यावर तो दिसणारही नाही. मनगटाला लगेच कळेल.

छत्रपती संभाजीनगरात या कामाचे दोन्ही हात आहेत. महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत, आणि चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये कॅड-कॅम शिकवतात. तिथल्या पोरांना मिलिमीटरचा शंभरावा भाग नवा नाही. दोघांनी मिळून एक तलवार तरी घ्यावी. काट्यावर तोलावी, बोटावर आडवी धरून तोल मुठीपासून किती अंतरावर येतो ते लिहावं, दर पाच सेंटिमीटरवर जाडी मोजावी. प्रारूपाचं गणित या आकड्यांशी जुळलं, की तेवढ्याच वजनाची, तशाच तोलाची बोथट प्रतिकृती घडवून संग्रहालयात येणाऱ्या मुलांच्या हाती देता येईल.