डोक्यावरचा जुना पत्रा : झाडताना आणि उतरवताना

मृग नक्षत्र जवळ आले की घरोघरी पावसाळ्याची तयारी सुरू होते. गळकी जागा शोधणे, पत्र्यावरचे शेवाळ खरवडणे, आतल्या बाजूची जळमटे झाडणे ही कामे पुष्कळदा घरातील निवृत्त मंडळीच अंगावर घेतात. आपल्या घरावर, गॅलरीवर किंवा मागच्या पडवीवर जुने, पन्हळी, राखाडी सिमेंटचे पत्रे असतील, तर खराटा हाती घेण्यापूर्वी थोडे थांबावे.

सिमेंटला बळकटी यावी म्हणून अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. हे तंतू इतके सूक्ष्म असतात की हवेत तरंगताना डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासावाटे फुप्फुसात शिरलेले तंतू शरीराला सहजासहजी बाहेर टाकता येत नाहीत. त्यांतून फुप्फुसे ताठर करणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसावरील आवरणाचा मेसोथेलिओमा हे विकार उद्भवू शकतात. तेही बहुधा २० ते ४० वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग निर्माण करणारे ठरवले आहेत. हल्ली ॲस्बेस्टॉसविरहित पत्रेही मिळतात, परंतु नुसत्या नजरेने फरक ओळखता येत नाही. म्हणून जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचाच समजून वागावे.

घाबरू नका, छेडू नका

अखंड पत्र्याखाली राहता म्हणून भयभीत होण्याचे कारण नाही. त्यातील तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा फोडला, कापला, त्याला भोक पाडले किंवा तो कोरडा घासला, की ते मोकळे होतात. थोडक्यात, धोका पत्र्यापेक्षा त्याच्या धुळीत अधिक आहे.

साफ करताना

आतील जळमटे कोरड्या झाडूने झाडू नयेत. लांब काठीला ओले फडके बांधून, खाली जमिनीवर उभे राहूनच ती हलक्या हाताने टिपून घ्यावीत. स्टुलावर चढू नये; या वयात खुब्याचे हाड मोडले तर सावरणे कठीण जाते. वापरलेले फडके ओले असतानाच पिशवीत बांधून टाकावे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर मुळीच वापरू नये; तो सूक्ष्म तंतू पुन्हा हवेत सोडतो.

वरचे शेवाळ तारेच्या ब्रशाने किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढू नये. पत्र्यावर पाय तर कधीच देऊ नये. जुना पत्रा ठिसूळ झालेला असतो आणि पाऊल पडताच फुटून माणूस थेट खाली कोसळतो.

उतरवताना

तडे गेलेला, कडा झडू लागलेला पत्रा काढणेच इष्ट. मात्र हे काम घरच्यांनी करू नये. माहीतगार कारागिराला बोलवावे आणि पुढील गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात.

• काम चालू असताना वृद्ध, रुग्ण आणि मुले यांनी घरात थांबू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची सोय आदल्या दिवशीच अन्यत्र करावी.
• पत्रा आधी पाण्याने चांगला भिजवावा. हातोडा न मारता हुक-बोल्ट सोडवावेत आणि पत्रा अखंड खाली उतरवावा. वरून टाकू नये.
• तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. अशा कामाला एन-९५ मुखपट्टीही अपुरी मानतात. चेहऱ्याला घट्ट बसणारा, पी-१०० गाळणीचा मास्क लागतो.
• तुकडे ओलसर ठेवून जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी बांधावेत. ते भरावात टाकू नयेत, गोठ्यासाठी कुणाला देऊही नयेत. विल्हेवाटीबाबत नगरपालिकेच्या घनकचरा विभागाकडे किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करावी.
• कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ॲस्बेस्टॉस कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही हे आजार जडल्याच्या नोंदी आहेत.

अमेरिकेत मुलांकडे राहावयास जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तेथील जुन्या घरांच्या छतांवर मक्याच्या लाह्यांसारखा खडबडीत थर दिसतो. ॲस्बेस्टॉसयुक्त थर फवारण्यास १९७८ मध्ये तेथे बंदी आली, तरी पूर्वीचे थर अनेक घरांत आहेत. प्रयोगशाळेत तपासणी झाल्याखेरीज तो खरवडू नये.

डॉक्टरांना हे सांगा

आपण पत्र्यांच्या कारखान्यात, बॉयलरवर किंवा मुंबईच्या दारूखान्यात जहाजतोडणीला काम केले असेल, तर काम सोडून कितीही वर्षे लोटली असली तरी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. धाप, न थांबणारा कोरडा खोकला, छातीतले दुखणे यांना नुसते वयाचे लक्षण मानू नये. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. म्हणून धूम्रपान आजच सोडावे.

हे विकार उशिरा उमटतात. आज उडालेल्या धुळीची किंमत घरातल्या नातवंडांना त्यांच्या पन्नाशीत मोजावी लागू शकते. म्हणूनच यंदा पत्रा खरवडण्याऐवजी, तो कुठे तडकला आहे एवढेच खालून पाहून ठेवावे आणि पुढचे काम जाणकाराच्या हाती द्यावे.